दोन द्या

एसवायची परीक्षा झाली आणि जून २०२३ मध्ये मी चार आठवडे फ्रान्सला तूर नावाच्या गावात फ्रेंच शिकायला गेले. पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान ट्रेनने सव्वा तासाच्या आसपास, ल्वार नदीचा काठ, कादंबरीकार बाल्झाक इथलाच, १७९९ चा जन्म, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फ्रान्समधलं सगळ्यात शुद्ध फ्रेंच इथे बोलतात अशी या गावाची ख्याती. म्हणजे एवढा व्हिसा वगैरे काढून मी पुण्यातून निघाले आणि पुण्यातच पोचले.

ज्यांच्या घरी राहायचे त्या मादाम साठीच्या, एकट्या, फार प्रेमळ. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, क्लासवरून येताना रोज एक बागेत आणत जा. बागेत म्हणजे तो लांब दांडक्यासारखा पाव. मी आईला फोनवर सांगितलं की रोज संध्याकाळी बागेत आणायला जाते, तर ती म्हणे, "बागेत कशाला गं, तिकडे दुकानं नाहीत का?"

दुकानं होती. कोपऱ्यावरच होतं. अडचण 'एक' या शब्दाची होती.

फ्रेंचमध्ये एक म्हणायला दोन शब्द आहेत. वस्तू पुरुष असेल तर 'अं', बाई असेल तर 'यून'. आता मराठी माणसाला लिंगाची काय भीती, आपल्याकडे तर तीन, असं मी घरून निघताना सगळ्यांना सांगून आले होते. पण घोळ तिथेच आहे, कारण आपल्या डोक्यात प्रत्येक वस्तूला आधीच एक लिंग चिकटलेलं असतं आणि ते निघता निघत नाही. दाढी आपल्याकडे ती, त्यांच्याकडेही ती, मिशीसुद्धा ती, इथवर दोस्ती. मग चंद्र बाई निघतो. समुद्र बाई निघतो. बरं, नदी म्हणजे बाईच हे तरी पक्कं ना, तर तूरच्या एका बाजूने वाहते ती ल्वार आणि दुसऱ्या बाजूने वाहतो तो शेर! (शेर म्हणजे महाग असाही एक शब्द आहे, तो मला पुढे उपयोगी पडला.)

सरांना विचारलं ओळखायचं कसं. ते म्हणाले, शेवटी 'आज' असेल तर बहुतेक पुरुष, फक्त पाज, प्लाज, इमाज वगैरे बायका, आणि बाकीचं कानाला जे बरं वाटेल ते. मी हसणार होते पण हसले नाही, कारण आदल्याच दिवशी एका ब्राझिलियन मुलीने मला विचारलं होतं की तुमच्यात तो पंखा, ती खुर्ची आणि ते टेबल का, आणि मीही तिला अगदी हेच उत्तर दिलं होतं.

तर पहिल्या संध्याकाळी मी दुकानात शिरले आणि थेट म्हणाले, "अं बागेत." काउंटरवरच्या बाईंनी आधी मला बोंजूर म्हणायला लावलं (तिकडे बोंजूर न म्हणता काही मागणं म्हणजे चपला घालून देवघरात जाणं), मग हसून, अगदी मायेने, मागच्या सहा माणसांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "यून बागेत." मी सॉरीसुद्धा मराठीत म्हणाले.

रात्री झोप लागेना, तसंही पावणेदहापर्यंत उजेड. आणि पडल्या पडल्या साक्षात्कार झाला. दोनला लिंग नसतं! पुरुष असो, बाई असो, दोन म्हणजे द्यो. संपला विषय.

दुसऱ्या दिवसापासून माझं फ्रेंच अस्खलित झालं. द्यो बागेत. द्यो क्रुआसाँ. शनॉन्सोचा राजवाडा बघायला गेलो तिथे द्यो आइस्क्रीम, दोन्ही मीच खाल्ली, आणि तिथे तर बागाही दोनच आहेत, एक दियानची आणि एक कातरीनची, १५५९ मध्ये राजा गेल्यावर राणी कातरीनने त्याच्या मैत्रिणीकडून, म्हणजे दियानकडून, राजवाडा काढून घेतला त्याची आठवण. मला फार आपलेपणा वाटला.

पण बागेत एका दिवसात दगड होतो. पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट, टिकायला त्यात असतंय काय. मादामना एक द्यायचा, दुसरा कपाटात. २०२२ मध्ये युनेस्कोने बागेत बनवण्याची कला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातली, त्या वारशाचे आठवड्याभरात माझ्या कपड्यांमागे सहा नग जमले, एकेकाने पोळ्या लाटता आल्या असत्या. शेवटी मादामनी कपाट उघडलंच. काही बोलल्या नाहीत, अंड्यादुधात भिजवून पँ पेर्द्यू केलं, म्हणजे शब्दशः हरवलेला पाव. उरलेल्याचा मी आईला फोनवर धरून ब्रेड उपमा केला. फोडणी तडतडली तशा मादाम खिडकी उघडायला धावल्या, पण दोनदा वाढून घेतला.

त्याची परतफेड म्हणून शनिवारी बाजारातून इथलं प्रसिद्ध सँत-मोर चीज आणलं, अर्थात दोन. नाव संत बाईचं, चीज पुल्लिंगी, म्हणजे मी चुकलेच असते. वरून राखुंडी फासल्यासारखं काळपट, आणि आत बघते तर दोन्हीत खराट्याची काडी! मी कुणाला कळू न देता दोन्ही काड्या काढून टाकल्या. मादामनी कचऱ्यातून परत काढून धुतल्या आणि मला चष्मा लावून वाचायला दिल्या. काडीवर चीजचं नाव आणि करणाऱ्याचा नंबर कोरलेला असतो. खरं चीज ओळखायची खूण तीच.

आणि मग शेवटच्या आठवड्यात एक्लेर, म्हणजे ती क्रीम भरलेली लांबट पेस्ट्री, खावंसं वाटलं.

'द्यो' म्हणायला ओठ ओसारखे ठेवून आतून ए म्हणायचा असतो. मला ते कधीच जमलं नाही, माझा 'दू' व्हायचा. चालून जायचं. पण पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की दोनला शेपटीला एक झ चिकटतो. द्यो-झेक्लेर. माझ्या तोंडून आलं, "दू-झेक्लेर." आणि दूझ म्हणजे बारा.

बाईंनी "दूझ?" असं विचारलंही. मला वाटलं उच्चार सुधारतायत, मी म्हणाले वी, म्हणजे हो. मग पार्टी आहे का असं काहीतरी विचारलं, त्यालाही वी. काचेत नऊच होती, तीन आतून आणवली. मोठ्ठा खोका आला, त्याला रिबीन बांधली गेली आणि मी बघत राहिले, कारण थांबवायला जे वाक्य लागतं त्यात कुठेतरी 'एक' आलाच असता. छत्तीस युरो. सव्वातीन हजार रुपये. शेर, फार शेर.

मादामनी खोका उघडला, मोजली, आणि खालच्या मजल्यावरच्या दोन आज्यांना बोलावलं. चार मी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पैसेच नव्हते, त्यामुळे हिंमत आली. बोंजूर म्हणाले, डोळे मिटले आणि म्हणाले, "यून बागेत." बाईंनी दिला. मोजून चार सेकंद. मागे वळले तर रांगेत आमच्या वर्गातला कोरियन मुलगा, तोंडातल्या तोंडात काहीतरी घोकत होता.

"बोंजूर," तो म्हणाला, "द्यो बागेत." मग माझ्याकडे बघितलं आणि लाल झाला.

एक्लेरच्या काचेकडे बघू नकोस, एवढंच मी त्याला खुणेने सांगितलं.