लॉग फाइल म्हणजे केरकचरा नव्हे

‘एक्स्चेंज सर्व्हर ठणठणीत ठेवण्याचे ६ मंत्र’ (एक्स्चेंज म्हणजे मायक्रोसॉफ्टचं मेल सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर) हा फॉरवर्ड गेले काही महिने सिस्टिम ॲडमिन मंडळींच्या ग्रुपांवर फिरतोय. मी तो चारदा पाहिला आणि चारही वेळा अंगठ्याने वर ढकलला. परवा रात्री पावणेबाराला भाच्याचा फोन आला. नोकरीला लागून त्याला जेमतेम आठ महिने झालेत. वरिष्ठ सोडून गेले, त्यामुळे मेल सर्व्हर याच्या गळ्यात पडलाय.

“मामा, लॉगची डिस्क भरली होती म्हणून लॉग काढले. आता डेटाबेस माउंटच होत नाहीये.”

“काढले म्हणजे? कोणी सांगितलं?”

“तो सहा मंत्रांचा मेसेज आहे ना...”

तेव्हा आता लिहितोच.

मंत्र पहिला असा आहे: “डिस्क भरली की लॉग फोल्डरमधल्या जुन्या फाइल बिनधास्त उडवा. त्या नुसत्या नोंदी असतात. नंतर डेटाबेस माउंट झाला नाही तर ईएसईयूटिल स्लॅश पी चालवा, लगेच सुरू होतो.” (ईएसईयूटिल हे एक्स्चेंजचा डेटाबेस हाताळायचं साधन, स्लॅश पी ही त्याची एक आज्ञा.)

नुसत्या नोंदी? एक्स्चेंजमध्ये आलेला मेल आधी ट्रान्झॅक्शन लॉगमध्ये लिहिला जातो. ईडीबी फाइलमध्ये, म्हणजे खऱ्या डेटाबेसमध्ये, तो मागाहून सवडीने उतरतो. मधल्या वेळात डिस्कवर त्या मेलचा पुरावा एकाच ठिकाणी असतो, लॉगमध्ये. कुठपर्यंतचं उतरवून झालंय ही खूण चेकपॉइंट फाइलमध्ये असते. सर्व्हर अचानक पडला, तर उठल्यावर इंजिन त्या खुणेपासून पुढचे लॉग वाचून डेटाबेस पुरा करतं. रोजमेळ फाडून टाकायचा आणि खतावणी आपोआप जुळेल म्हणायचं, असा हा सल्ला आहे.

गंमत अशी की सर्व्हर चालू असताना लॉग काढले तर त्या क्षणी काहीच बिघडत नाही. म्हणूनच “मी कितीदा केलंय, काही होत नाही” असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. नीट डिसमाउंट होऊन बंद झालेल्या डेटाबेसला जुने लॉग लागतही नाहीत. पण भाच्याने लॉग हलवले, मग सर्व्हर अडकल्यासारखा वाटला म्हणून जबरदस्तीने रीस्टार्ट केला. ईएसईयूटिल स्लॅश एमएच चालवून हेडर, म्हणजे डेटाबेस फाइलच्या सुरुवातीची माहिती, पाहायला लावलं, तर स्टेट ‘डर्टी शटडाउन’, म्हणजे नीट बंद न झालेला, आणि ‘लॉग रिक्वायर्ड’ (लागणारे लॉग) यापुढे पंचवीसेक फाइलींचे क्रमांक. त्यातली एकही जागेवर नाही.

पोरगा मुळात घाबरट, तेवढ्यामुळे वाचला. उडवा म्हटलं असलं तरी याने फाइल दुसऱ्या डिस्कवर हलवल्या होत्या. आधी डेटाबेस फाइलची जशीच्या तशी प्रत काढायला लावली, मग लागणारे लॉग परत जागेवर ठेवले, माउंट केलं. इंजिनाने मुकाट्याने सगळे लॉग वाचले. दीड वाजता मेल सुरू.

आता त्या मंत्राचा दुसरा भाग. माझा खरा राग तिथे आहे. स्लॅश पी म्हणजे ‘दुरुस्ती’ असं नाव आहे, पण ती दुरुस्ती कशी, तर जी पानं जुळत नाहीत ती टाकून द्यायची. लॉगमधलं काही ती डेटाबेसमध्ये उतरवत नाही. हे मी पदरचं सांगत नाही, ती आज्ञा दिली की साधन स्वतःच बजावतं: दुरुस्ती फक्त बिघडलेल्या डेटाबेसवर चालवा, लॉगमधली माहिती लावली जाणार नाही, माहिती गमावली जाऊ शकते, पुढे जायचं का? भाच्याच्या स्क्रीनवर हा प्रश्न उघडा होता. ‘ओके’ दाबण्याआधी विचारावं म्हणून त्याने फोन केला. दाबलं असतं तर शेजारच्या डिस्कवर सुखरूप पडलेले लॉग कायमचे निरुपयोगी झाले असते. स्लॅश पी हा शेवटचा उपाय आहे, बॅकअप नाही, लॉग नाहीत, दुसरी प्रत नाही, तेव्हाचा. आणि त्यानंतरही त्या डेटाबेसवर विसंबायचं नसतं, मेलबॉक्स नव्या डेटाबेसमध्ये हलवायचे असतात.

मुळात डिस्क भरली का, हे फॉरवर्ड विचारतच नाही. एक लॉग फाइल १ एमबीची असते. पूर्ण बॅकअप यशस्वी झाला की नको असलेले लॉग एक्स्चेंज स्वतः काढतं. ते साचत असतील तर पहिला संशय बॅकअपवर घ्यायचा. कधी एखादं उपकरणही लॉगचा पूर आणतं. २०१३ च्या फेब्रुवारीत आयओएस ६.१ असलेल्या फोनांनी नेमका हाच उच्छाद मांडला होता. पण बहुतेक वेळा बॅकअपच अडलेला असतो.

नाइलाजाने एक कबूल करतो. सर्व्हरवर दुसऱ्याही ‘लॉग’ असतात: आयआयएसच्या, म्हणजे विंडोजच्या वेब सर्व्हरच्या, आणि एक्स्चेंजच्या ‘लॉगिंग’ फोल्डरमधल्या. त्या खरंच साध्या मजकुराच्या नोंदी आहेत, सी ड्राइव्ह खाऊन टाकतात, आणि जुन्या झाल्या की काढल्या तर बिघडत नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बहुधा कुठेतरी हे वाचलं आणि दोन्हींचा काला केला. तरी त्यासुद्धा कालपर्यंतच्या सगळ्या उडवू नका. कारण पुढच्या मंत्रात येतं.

मंत्र दुसरा: “चालत्या सर्व्हरला अपडेट लावू नका. बंद असताना आलेले मेल कायमचे जातात.”

जात नाहीत. मेल पोचवण्याच्या एसएमटीपी या पद्धतीचं मानक म्हणजे आरएफसी ५३२१. त्यात स्पष्ट आहे की समोरचा सर्व्हर मिळाला नाही तर पाठवणाऱ्याने मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचा, आणि हार मानण्याआधी साधारण किमान ४-५ दिवस थांबायचं. तुमचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, किती वेळ घेतो? दोन तास? मेल उशिरा येतील, बस.

अपडेट न लावल्याने काय होतं, ते २०२१ साली सगळ्या जगाने पाहिलं. २ मार्चला मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंजच्या सुरक्षेतल्या ‘प्रॉक्सीलॉगॉन’ नावाच्या भगदाडांसाठी तातडीचे पॅच काढले, तोवर हल्ले सुरू झाले होते. उशीर केलेल्या सर्व्हरवर वेब शेल, म्हणजे हल्लेखोराला बाहेरून सर्व्हर चालवू देणाऱ्या चोरफाइल, पेरले गेले, आणि मागाहून पॅच लावला तरी आत शिरलेला वेब शेल आतच राहिला. एप्रिलमध्ये अमेरिकेत एफबीआयने न्यायालयाची परवानगी घेऊन शेकडो सर्व्हरवरचे असे शेल स्वतः काढले. लगोलग प्रॉक्सीशेल हे दुसरं भगदाड आलं. त्याचे पॅच एप्रिल-मेमध्येच निघाले होते, हल्ल्यांची लाट ऑगस्टमध्ये आली. मधले तीन महिने हा मंत्र जपणारे काय करत होते? आणि घुसखोरी झाली का, हे शोधायचं कुठे, तर त्याच ‘लॉगिंग’ फोल्डरमधल्या एचटीटीपी प्रॉक्सीच्या, म्हणजे वेबवरून आलेल्या विनंत्यांच्या, नोंदींत. उडवल्या असतील तर बसा हात चोळत.

अपडेटने कधीच घात होत नाही असं मात्र म्हणणार नाही. १ जानेवारी २०२२ ला एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ मध्ये मेल रांगेत तुंबले. मालवेअर तपासणाऱ्या इंजिनाच्या अपडेटचा क्रमांक २२०१०१०००१ झाला, आणि त्याच्यासाठी ठेवलेल्या खान्यात २१४७४८३६४७ च्या पुढचा आकडा मावत नव्हता. चूक शंभर टक्के मायक्रोसॉफ्टची. पण ते अपडेट आपलं आपण उतरतं, पॅच लावणं टाळणाऱ्यांचेही मेल तितकेच तुंबले. त्यामुळे हा दाखला या मंत्राच्या कामाचा नाही.

उरलेल्यांवर फार शाई घालवत नाही.

तिसरा, “अँटिव्हायरसला पूर्ण डिस्क तपासू द्या.” डेटाबेस आणि लॉगचे फोल्डर वगळायचेच असतात, नाहीतर अँटिव्हायरस ऐन वेळी फाइल धरून बसतो. मात्र सरसकट सगळं वगळू नका. वेब शेलच्या अनुभवानंतर मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये काही जुन्या सवलती काढायला सांगितल्या.

चौथा, “डीएजी असेल तर बॅकअप नको.” डीएजी म्हणजे एकाच डेटाबेसच्या वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवलेल्या प्रती. तीन-चार प्रती आणि त्यातली एक मुद्दाम काही काळ मागे ठेवलेली, असा थाट असेल तर हे मायक्रोसॉफ्टही मान्य करतं. दोन प्रतींवर हा मंत्र जपणाऱ्याने लक्षात घ्यावं की पुसलेला मेल दुसऱ्या प्रतीतूनही पुसला जातो.

पाचवा, “मेल स्पॅममध्ये जात असेल तर एसपीएफमध्ये प्लस ऑल टाका.” एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात त्याची जाहीर यादी. तिच्यात प्लस ऑल म्हणजे आमच्या नावाने जगात कोणीही मेल पाठवा, आमची हरकत नाही. पुढचा.

सहावा, “रोज रात्री सर्व्हर रीस्टार्ट करा.” का, ते लिहिलेलं नाही.

सकाळी भाच्याचा मेसेज आला: “मामा, बॅकअप पूर्ण झाला. लॉग आपोआप गेले!!” सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड कोणीतरी बदलला होता, तेव्हापासून बॅकअप रोज रात्री फेल होत होता आणि त्याचा इशारा निघून गेलेल्या वरिष्ठांच्या मेलबॉक्समध्ये जात होता. पासवर्ड कोणी बदलला, ते अजून कळलेलं नाही.