मिशीला गळती

मुंबईकराचं समुद्राशी नातं लांबूनच बरं असतं. आपण चौपाटीवर बसतो, भेळ खातो, 'काय वारा आहे!' म्हणतो आणि उठतो. पाण्यात उतरायचं ते अनंत चतुर्दशीला. तेही गुडघ्यापर्यंत आणि गणपतीच्या भरवशावर.

त्यामुळे बायकोने अंदमानच्या सहलीत स्नॉर्केलिंग घुसवलं, तेव्हा मी मुलुंडच्या घरीच तालीम सुरू केली. ऑनलाइन मागवलेला मास्क, तोंडात नळी आणि बाथरूममधली निळी बादली. आमच्या बिल्डिंगला पाणी सकाळी सहा ते साडेसात, म्हणून भरतीची वेळही तीच. मी बादलीत तोंड घालून घोंघावत असायचो आणि बाहेरून आई विचारायची, "अरे, उलटी होतेय का?"

मास्कमध्ये पाणी शिरायचं. तो परत पाठवला, दुसरा मागवला. त्यातही शिरलं. कंपन्या हल्ली काहीही विकतात.

हॅवलॉक बेटावरून (कागदोपत्री २०१८ पासून स्वराज द्वीप) बोटीने एलिफंट बीचला पोचलो. गाइड विशीतला पोरगा. माझ्याकडे एकदाच बघून म्हणाला, "अंकल, मूँछ है. पानी आएगा."

मास्कची रबरी कड कातडीला घट्ट बसावी लागते. मधे केस आले की पाणी वाट काढतं. म्हणजे दोन मास्क मी उगाच बदनाम केले होते. पण मिशी २२ वर्षांची, लग्नाआधीची! त्याने व्हॅसलीनची डबी पुढे केली. मी मिशीला थापलं. मग काचेवर वाफ धरू नये म्हणून त्याने मास्कमध्ये थुंकायला लावलं. मुंबईत ज्याला दंड, त्याला इथे "शाबाश!"

पाण्यात तोंड घातलं आणि नाकाने सवयीने श्वास ओढला. बादलीतलं पाणी गोडं होतं, हे तेव्हा जाणवलं. घाबरून खाली पाय टेकणार, तोच आरोळी आली, "अंकल, पैर नहीं! कोरल जिंदा है!" मी ज्याला खडक समजत होतो तो प्राणी निघाला. पाय वर घेतले. आता आधाराला फक्त लाइफ जॅकेट. आठ-बाराच्या फास्टला दारात लटकणाऱ्याला निदान दांडा तरी असतो.

शेजारी बायको मजेत तरंगत, बोटाने काहीतरी दाखवत नळीतून "हूं! हूं!" करत होती. माझ्या मास्कमध्ये पाणी नाकाच्या शेंड्याला लागलेलं. तो अख्खा रीफ मी दोन मजल्यांत पाहिला: वर धूसर प्रवाळ, खाली खारट डबकं.

"अहो, तो पोपट मासा पाहिलात ना?" तिने बाहेर आल्यावर विचारलं.

त्या संध्याकाळी हॉटेलच्या आरशासमोर मी वस्तरा फिरवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पैसे भरून उतरलो. मास्क कोरडा ठणठणीत. आणि हातभर अंतरावर तो दिसला: हिरवा-निळा, चोच पोपटाची. प्रवाळ कुरतडत होता आणि चकली मोडल्यासारखा कुर्रकुर्र आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. मग त्याने मागून पांढरा फवारा सोडला. गाइड म्हणाला, ती वाळू. प्रवाळ दळून हे मासे अशीच बाहेर टाकतात. आदल्या दिवशी त्याच वाळूवर आडवं पडून 'किती स्वच्छ!' असं मीच म्हणालो होतो.

सोमवारी दादरला टीसीने पास मागितला. ओळखपत्रावरचा फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो.

"मिशी?"

"अंदमानात काढली."

"अरे बापरे," पास परत देत तो म्हणाला, "किती वर्षं?"