संत फ्रान्सिस, कागदाचे कपटे आणि एक फिरता मजकूर

मध्ययुगीन ख्रिस्ती समाजाने पवित्र लेखनाविषयीचा आदर यहुदी आणि मुसलमान यांच्याकडून उसना घेतला, असे ठासून सांगणारा एक मजकूर सध्या मोबाइलवर फिरत आहे. वसईला चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या माझ्या आत्याने तो मला पाठवला आणि ‘हे खरे असेल तर मी आजवर मुलांना काय शिकवत आले?’ असे विचारले. तेव्हा गप्प बसणे शक्य झाले नाही.

मजकुराचे म्हणणे असे: इस्लामपूर्वी ख्रिस्ती लोकांना ग्रंथाचे सोयरसुतक नव्हते, असिसीकर संत फ्रान्सिस (फ्रान्सिस्कन संन्यासी संघाचे संस्थापक) १२१९ मध्ये इजिप्तला गेले, तेथे मुसलमान रस्त्यावरचा लिखित कागद उचलून जपतात हे आणि कैरोच्या यहुद्यांचे ‘गेनिझा’, म्हणजे जीर्ण लेखन ठेवण्याचे कोठार, त्यांनी पाहिले, परतल्यावर ते कुराणाची पाने गोळा करून चर्चमध्ये ठेवू लागले, आणि ते मनाने मुसलमान झाले होते, हे चर्चने दडवले.

पहिले विधान एका सनावळीने ढासळते. रोमन सम्राट डायोक्लेशियनने इ. स. ३०३ मध्ये ख्रिस्ती धर्मग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला, तेव्हा ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली करणाऱ्या धर्मगुरूंविरुद्ध इतका रोष उसळला की ३१४ च्या आर्ल येथील धर्मपरिषदेने अशांना पदच्युत करण्याचा नियम केला. ४३१ च्या इफिसस धर्मपरिषदेत शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूच्या जीवनकथेचा, ग्रंथ सभेच्या मध्यभागी सिंहासनावर ठेवलेला होता. हजरत मुहंमदांचा जन्म त्यानंतर सुमारे एकशे चाळीस वर्षांनी झाला.

कागद वेचण्याबद्दल खुद्द फ्रान्सिस यांनीच लिहून ठेवले आहे, पण मजकूर पसरवणाऱ्यांनी ते वाचलेले दिसत नाही. १२२६ च्या आपल्या मृत्युपत्रात ते म्हणतात की प्रभूची पवित्र नावे आणि वचने अयोग्य जागी पडलेली दिसली, तर ती उचलून योग्य ठिकाणी ठेवावीत. हे वाक्य ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त यांच्या आदराविषयीच्या वाक्यांना लागूनच येते. ज्या वचनांनी वेदीवर भाकरीचे ख्रिस्तशरीर होते, ती वचने लिहिलेला कागद पायदळी जाऊ नये, असा तो विचार आहे आणि त्याचे मूळ मिस्सामध्ये, म्हणजे वेदीवरच्या या उपासनाविधीत, आहे. धर्मगुरूंना लिहिलेल्या त्यांच्या पत्रातही ख्रिस्तशरीर आणि लिखित वचने यांची हीच जोडी आढळते, आणि त्या पत्राचा पहिला खर्डा इजिप्तच्या प्रवासाआधीचा असल्याचे अनेक अभ्यासक मानतात.

गेनिझाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. फ्रान्सिस नाईलच्या मुखाजवळील दमिएत्ता शहराजवळ, क्रुसेडरांच्या (धर्मयुद्धाला आलेल्या ख्रिस्ती सैनिकांच्या) छावणीत होते. कैरोचे गेनिझा जिथे होते, त्या फुस्तातच्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये (यहुदी प्रार्थनास्थळात) ते गेल्याची नोंद नाही. दोन प्रथा सारख्या दिसल्या म्हणून एक दुसरीची उसनवारी ठरत नाही. कागदाला पाय लागला की आपल्याकडेही नमस्कार करतात, तो काही कैरोहून आलेला नाही. यहुद्यांचे खरे ऋण वेगळ्या ठिकाणी आहे. फ्रान्समधील सितो मठाचे प्रमुख स्टीफन हार्डिंग यांनी ११०९ मध्ये बायबलची प्रत शुद्ध करताना यहुदी पंडितांना विचारले आणि मूळ हिब्रूत नसलेली वाक्ये खोडली. हे मजकुरात असायला हवे होते, पण नाही. त्याच फ्रान्समध्ये १२४२ च्या सुमारास गाड्या भरभरून तालमूद हे यहुद्यांचे धर्मग्रंथ जाळले गेले, हेही त्यात नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. इजिप्तहून परतल्यानंतर फ्रान्सिस यांनी राज्यकर्त्यांना लिहिलेल्या पत्रात रोज संध्याकाळी दवंडी देऊन किंवा अन्य खुणेने लोकांना देवाच्या स्तवनासाठी हाक द्यावी, असे सुचवले. यामागे अजानचा संस्कार असावा, हे मला पटते. पण जीर्ण कागद वेचण्याशी त्याचा संबंध नाही.

राहिला सर्वांत बेजबाबदार दावा. कुराणाच्या पानांची कथा थॉमस ऑफ सेलानो यांनी लिहिलेल्या फ्रान्सिस यांच्या चरित्रातील एका प्रसंगाची मोडतोड करून रचलेली दिसते. मूर्तिपूजकांचे लेखनही का उचलता, असे त्यांच्या संघातील एका बंधूने विचारले असता, ज्या अक्षरांनी प्रभूचे नाव घडते ती अक्षरे त्यातही आहेत, असे उत्तर फ्रान्सिस देतात. त्यात कुराणाचे नाव नाही. धर्मांतराविषयी तर, त्या वेळी दमिएत्ताच्या छावणीत असलेले अक्राचे बिशप जाक द वित्री यांनी १२२० च्या पत्रात लिहिले की फ्रान्सिस यांनी अनेक दिवस इजिप्तच्या सुलतानाच्या लोकांना प्रवचन दिले, पण फळ थोडेच मिळाले. आणि संघाच्या १२२१ च्या नियमावलीत मुसलमानांमध्ये जाणाऱ्या बंधूंना फ्रान्सिस स्वतः सांगतात: वाद घालू नये, सर्वांच्या अधीन राहावे, आणि आपण ख्रिस्ती आहोत हे उघडपणे सांगावे.