डावी बाजू बरोबरच होती, अडचण ओळीची होती

नमस्कार,

एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: विमानातून हिमालय बघायला कुठल्या बाजूला बसावं यावरचा माझा लेख वाचून दिल्ली-काठमांडू विमानात डावीकडची विंडो सीट घेतली आणि हिमालयाऐवजी पंख बघत बसावं लागलं; विमान कुठून न्यायचं ते वैमानिक ठरवतो, ढग कुणाच्या हातात नाहीत, म्हणजे सगळा नशिबाचा खेळ; त्यामुळे परतीला तुम्ही आयल सीट (मधल्या वाटेकडची) घेणार. नशिबाचं मला पटत नाही, आणि आयल सीट तर कृपा करून घेऊ नका.

आधी पंखाचं बोलू. बाजू ठरवून निम्मंच काम होतं, उरलेलं निम्मं ओळीवर असतं. ए३२० किंवा ७३७ सारख्या विमानांत पंखावरचे आपत्कालीन दरवाजे मधल्या ओळींत असतात आणि सीट मॅपवर ते स्पष्ट दाखवलेले असतात. तुम्ही कळवलेली चौदावी ओळ त्यांना अगदी लागून आहे. त्या दरवाजांपासून पाच-सहा ओळी तरी पुढे सरका, नाहीतर थेट शेपटाकडे जा. पुढची जागा जास्त चांगली, कारण मागून बघताना इंजिनाच्या गरम झोतामुळे खालचं दृश्य थरथरतं. ७३७ मध्ये आणखी एक भानगड आहे. पंखाच्या थोडं पुढे एका ठिकाणी भिंतीतून वातानुकूलनाची नळी जाते, तिथे खिडकीच नसते. सीट मात्र ‘विंडो’ म्हणूनच दिली जाते! एटीआरसारख्या छोट्या विमानाचा पंख छताच्या पातळीवर असतो, त्यामुळे खालची जमीन छान मोकळी दिसते.

आता नशीब. वैमानिक मनाला येईल तिकडे विमान नेत नाही. ठरलेले हवाई मार्ग असतात आणि बदल करायचा तर नियंत्रण कक्षाची परवानगी लागते. विमानांचे मार्ग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ या संकेतस्थळावर तुमच्याच विमानाचा गेल्या काही दिवसांतला मार्ग बघता येतो. तो रोज थोडाफार सरकेल, पण दिल्लीहून काठमांडू आग्नेयेच्या अंगाने पूर्वेला आहे आणि हिमालयाची रांग सगळी उत्तरेला. दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून क्षितिज साडेतीनशे किलोमीटरहून लांब असतं. मार्ग चाळीस किलोमीटर सरकला म्हणून रांग उजवीकडे जात नाही. डावीकडे आधी धौलागिरी येतो (८,१६७ मीटर), मग काली गंडकीच्या दरीची खोल फट, तिच्या पलीकडे अन्नपूर्णा, माशाच्या शेपटीसारखं माच्छापुच्छ्रे आणि नंतर मनास्लू. एव्हरेस्ट काठमांडूच्याही पूर्वेला आहे, तेव्हा या प्रवासात त्याच्यासाठी डोळे ताणू नका, हातातलं निसटेल.

ढगांचं तुमचं म्हणणं मान्य. उतरतानाची बाजूही खात्रीने सांगता येत नाही, कारण विमान वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उतरतं आणि वारा फिरला की धावपट्टीचं टोक बदलतं. पण पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, सकाळचं विमान घेतलं तर ढगांची जोखीम बरीच कमी होते.

उन्हाबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत, ‘सावलीची बाजू घ्यावी आणि झोपावं.’ पहिला अर्धा भाग एकदम बरोबर आहे! आपल्या गोलार्धात दुपारी सूर्य दक्षिणेकडे असतो. उत्तरेकडे बघताना तो पाठीशी राहतो, डोंगरांवर समोरून उजेड पडतो आणि खिडकीच्या आतल्या प्लास्टिकवरचे ओरखडे चमकत नाहीत. शिवाय खाली ढग असतील तर विमानाची सावली याच बाजूला पडते आणि तिच्याभोवती रंगीत कडं उमटतं. उन्हाच्या बाजूला बसणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. सूर्यास्ताला सगळे पश्चिमेकडे माना वळवतात, पण पूर्वेच्या खिडकीतून पृथ्वीची स्वतःची सावली वर चढताना दिसते: खाली निळसर करडा पट्टा, त्यावर गुलाबी. मला तर ती बाजू जास्त आवडते. इतकं असताना झोपायचं कशाला?

परतीचं तिकीट अजून बाकी आहे असं तुम्ही लिहिलंय. येताना दिशा उलटी, म्हणून बाजूही उलटी: उजवीकडची खिडकी, ए३२० असेल तर ‘एफ’. चेक-इन उघडताच पाचवी-सहावी ओळ बघा. ती भरली असेल तर अगदी मागची चालेल, पण पंखाजवळची नको.