गुलाबी अंड्यांना हात लावला की माणूस मरतो? नाही

"पाण्याकाठच्या गुलाबी अंड्यांना हात लावू नका, स्पर्शानेच विष भिनतं" असा मेसेज फोटोसकट फिरतोय, आणि तो अर्धाच खरा आहे. ही अंडी ॲपल स्नेलची, दक्षिण अमेरिकेतली गोड्या पाण्यातली गोगलगाय, १९८० च्या आसपास खाण्यासाठी तैवानला नेली आणि मग आशियाच्या भातशेतीत पसरली.

विष आहेच, पण ते अंड्याच्या आतल्या द्रवात. पीव्ही-२ नावाचं प्रोटीन, त्याचा एक भाग पेशीवरच्या साखरेला चिकटतो आणि दुसरा पेशीला भोक पाडतो, उंदरांना इंजेक्शनने दिलं तर मज्जासंस्थेवर परिणाम होऊन ते मरतात. नुसत्या स्पर्शाने हे होत नाही.

मला जास्त भारी वाटतं ते दुसरं प्रोटीन, ओव्होरुबिन, गुलाबी रंग त्याचाच, ते स्वतः पचत नाही वर खाणाऱ्याचे पाचक एन्झाइमही अडवतं, म्हणजे खाल्लं तरी पोषण मिळत नाही! म्हणून उघड्यावर असूनही ही अंडी फारसं कुणी खात नाही, एक फायर अँट मुंगी सोडली तर.

तरी काढताना ग्लोव्ज घाला, नंतर हात धुवा, कारण या गोगलगायींत उंदरांच्या फुप्फुसातला जंत असू शकतो. अंडी खाऊ मात्र अजिबात नका.