काम थांबतं, गंज थांबत नाही

महाराष्ट्रात रखडलेल्या इमारतींचा विषय निघाला की वाद दोनच गोष्टींवर होतो: पैसे कोणी खाल्ले आणि तुरुंगात कोणाला टाकायचं. कंबोडियातल्या सिहानूकविलमधून तो वाद वाचताना तिसरा प्रश्न सारखा छळतो. निकाल लागेपर्यंत त्या सांगाड्याची काळजी कोण घेतंय?

सिहानूकविल हे कंबोडियाचं खोल पाण्याचं बंदर. २०१६ नंतर चिनी पैशावर इथे कसिनो आणि हॉटेलं धडाधड उठली. ऑगस्ट २०१९ मध्ये सरकारने ऑनलाइन जुगारावर बंदी जाहीर केली, पाठोपाठ कोविड आला, आणि मागे उरल्या हजारावर अर्धवट इमारती. परदेशी माणसाला इथे जमीन विकत घेता येत नाही, म्हणून कितीतरी बांधकामं भाडेपट्ट्याच्या जागेवरची. जमीन गावातल्या माणसाची, वरचं काँक्रीट निघून गेलेल्या भाडेकरूचं. अशा भांडणात इमारत पाडताही येत नाही, पुरीही करता येत नाही. गुंतवणूकदारांसाठी सरकारने खास सवलती आणल्या त्या २०२४ मध्ये. तोवर चार पावसाळे उलटले होते.

या चार पावसाळ्यांत काय झालं ते कॉलमच्या डोक्यावर दिसतं. पुढच्या मजल्यासाठी सोडलेली सळई काँक्रीटमधून जिथे बाहेर येते तिथे पाणी साचतं, खार बसतो, आणि सळई नेमकी तिथेच बारीक होते. तारेच्या ब्रशने घासून व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) लावावा. १६ मिमीची सळई १४ भरली तर दोनच मिलिमीटर गेले असं वाटतं, पण ताकद छेदाच्या क्षेत्रफळावर असते आणि ते २३ टक्क्यांनी घटलेलं असतं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो आत शिरला की कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फोडतो. कॉलमवर सळईच्या रेषेत उभा तडा आणि खाली तांबडा ओघळ दिसला, की नुसतं प्लास्टर मारून भागत नाही. कव्हर फोडायचं, सळई मोकळी करायची, वरची खराब सळई कापून बाजूला भोक पाडायचं आणि इपॉक्सीत (घट्ट धरणाऱ्या चिकट रसायनात) नवी बसवायची. हे प्रत्येक कॉलमला.

काम थांबल्याबरोबर करायची कामं त्यामानाने किरकोळ आहेत. सळ्या घासून सिमेंट स्लरीचे, म्हणजे पाण्यात कालवलेल्या पातळ सिमेंटचे, दोन हात द्यावेत. पण खाऱ्या हवेत स्लरी एकटी टिकत नाही, पोपडे धरते, म्हणून वरून काँक्रीटची टोपी घालावी. स्लॅबवरचं पाणी काढून द्यावं, लिफ्टचे खड्डे आणि मोकळ्या कडा बंद कराव्यात. तळघराभोवतीचं जमिनीतलं पाणी उपसणारा पंप बंद करण्याआधी मात्र हिशेब हवाच. बाहेर तीन मीटर पाणी चढलं तर तळाला दर चौरस मीटरला तीन टन उचल बसते, आणि २०० मिमीचा एक स्लॅब जेमतेम अर्धा टन भरतो. वरचे मजलेच नसतील तर तळघर उचललं जातं. अशा वेळी पाणी आत येऊ देणंच बरं.

आणि अर्धवट इमारत निरुपद्रवी नसते. जून २०१९ मध्ये याच शहरात बांधकाम चालू असलेली सात मजली इमारत पडून २८ जण गेले. कामगार रात्री आतच झोपत होते.

आपल्याकडे रेरा हा घरखरेदीदारांसाठीचा कायदा आहे, ही फार मोठी गोष्ट आहे. खरेदीदारांचे ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात राहतात, प्रकल्पाची नोंदणी संपली तर उरलेलं काम पुरं करण्याचा पहिला हक्क खरेदीदारांच्या संघटनेला मिळतो. सिहानूकविलच्या कसिनोंना फ्लॅटधारकच नव्हते, मग भांडणार कोण? पण ते ७० टक्के जमिनीसाठी आणि बांधकामासाठी. थांबलेला सांगाडा जपायला त्यात वेगळा पैसा नाही. रखडलेल्या प्रकल्पाचा ताबा बदलायला वर्षं लागतात हे पुनर्विकासात अडकलेल्या गोरेगावच्या पत्राचाळीतल्या ६७२ कुटुंबांनी भोगलंय.

माझी मागणी एवढीच: महारेराकडे (रेरा राबवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी होतानाच सांगाडा जपण्याची रक्कम बाजूला ठेवून घ्यावी. काम ९० दिवस बंद दिसलं, की कोणाच्या निकालाची वाट न बघता त्यातून सळ्या झाकाव्यात आणि पाणी काढावं. मुंबईपासून रत्नागिरीपर्यंतच्या किनाऱ्यावर तर पावसाळ्याआधीच.