कोबोल्ड म्हणजे कच्चं लिंबू नव्हे

डन्जन्स अँड ड्रॅगन्समधल्या कोबोल्ड या छोट्या राक्षसांबद्दल ‘कोबोल्ड खेळातून काढून टाका’ असा पाच मुद्द्यांचा मजकूर गेले काही दिवस फिरतोय. माझ्याकडे तो तीनदा आला, तिन्ही वेळा मी सोडून दिला. पण काल भाच्याचा फोन आला. तो पहिल्यांदाच मित्रांसाठी डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत, गोष्ट रचत खेळायचा खेळ चालवणार आहे, म्हणजे गेम मास्टर होणार आहे. चौकटीच्या वहीत त्याने एक जुनी खाण काढली होती, तीत आठ कोबोल्ड. तो मजकूर वाचून त्याने आठही खोडले आणि त्यांच्या जागी एक ओगर, म्हणजे दांडगा राक्षस, बसवला. “मावशी, कोबोल्ड म्हणजे नुसता भरणा, असं लिहिलंय त्यात.” आता गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा: कोबोल्डला ५ हिट पॉइंट (किती मार सोसतो तो आकडा), एका फटक्यात मरतो, म्हणून निरुपयोगी. आकडा बरोबर आहे. २०१४च्या नियमांत ५ हिट पॉइंट, चॅलेंज रेटिंग (अवघडपणाचा आकडा) १/८, मारल्याचे २५ एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण. पण कोबोल्डच्या माहितीच्या त्याच चौकटीत पुढे ‘पॅक टॅक्टिक्स’ लिहिलंय, ते वाचायचे कष्ट या माणसाने घेतलेले नाहीत. ज्याला मारायचंय त्याच्यापासून ५ फुटांत कोबोल्डचा एखादा शुद्धीवरचा साथीदार असला, की कोबोल्ड दोन फासे टाकतो आणि मोठा आकडा घेतो.

हिशोब करून बघा. पहिल्या लेव्हलचा, म्हणजे अगदी नवखा, फायटर (लढवय्या), अंगात साखळ्यांचं चिलखत, आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) १६, हिट पॉइंट १२. कोबोल्डच्या वाराला वरचे ४ मिळतात, तेव्हा त्याला वीस बाजूंच्या फाशावर १२ किंवा जास्त हवेत, म्हणजे शंभरात ४५ वेळा वार लागतो. दोन फासे मिळाले की तेच जवळपास ७० होतात. सहा कोबोल्ड धरा, चार अंगाशी भिडलेले, दोन मागून गोफण चालवणारे. एका फेरीत सरासरी चार वार लागतात, एकेक वार साधारण साडेचारचा. झाले अठरा. बारावाला फायटर पहिल्याच फेरीत आडवा.

भाच्याने बसवलेला ओगर ५९ हिट पॉइंटांचा आहे आणि त्याचा सोटा एका फटक्यात सरासरी १३ काढतो. म्हणजे ‘सोपे’ म्हणून आठ कोबोल्ड काढायला लावून या मजकुराने पहिल्यांदा खेळायला बसणाऱ्या पोरांसमोर काय उभं केलं, ते बघा. कोबोल्डांच्या वेळी पोरं दरवाजा अडवू शकतात, एकेकाला गाठू शकतात, उन्हात ओढू शकतात, कारण उन्हात कोबोल्डचा नेम बिघडतो. ओगरने पहिल्या फटक्यात पाडलेला मुलगा उरलेला वेळ नुसता बघत बसतो.

दुसरा मुद्दा, कोबोल्डला डोकं नसतं. नोव्हेंबर १९८७चा, याच खेळाच्या ‘ड्रॅगन’ मासिकाचा १२७वा अंक काढा आणि रॉजर मूर यांचं संपादकीय वाचा. टकर नावाच्या गेम मास्टरच्या डन्जनमध्ये, म्हणजे भुयारात, सहाव्या ते बाराव्या लेव्हलचे खेळाडू साध्या कोबोल्डांसमोर पळत सुटले होते. अरुंद बोळ, भिंतीतल्या छिद्रांतून येणारे बाण, आग, धूर. खालच्या मजल्यांवरचे मोठे राक्षस परवडले, पण वरचे कोबोल्ड नकोत, अशी त्यांची गत. त्यांचे आकडे कुणीही वाढवलेले नव्हते. ‘टकरचे कोबोल्ड’ हा शब्दप्रयोग आजही गेम मास्टरांच्या तोंडी आहे, आणि या एका पानापुढे तो पाच मुद्द्यांचा मजकूर टिकत नाही.

सगळ्यात चीड आणणारा तिसरा मुद्दा: ‘मूळ लोककथेतही कोबोल्ड भित्रा आणि दुबळाच होता.’ कुठल्या लोककथेत? जर्मन घरातला कोबोल्ड चूल आणि गोठा सांभाळायचा, बदल्यात त्याचं खाणं रोज काढून ठेवावं लागायचं. त्याचा अपमान केला तर काय व्हायचं, ते जर्मनीतल्या हिल्डेसहाइमच्या बिशपच्या वाड्यातल्या ह्योडेकेन नावाच्या कोबोल्डच्या कथेत आहे. स्वयंपाकघरातला एक पोऱ्या त्याच्या अंगावर घाण पाणी ओतायचा. ह्योडेकेनने मुख्य आचाऱ्याकडे तक्रार केली, तो हसला. मग एका रात्री ह्योडेकेनने झोपलेल्या पोऱ्याचा गळा दाबला, तुकडे केले आणि ते चुलीवर चढवले. याला भित्रा म्हणता?

खाणीतला कोबोल्ड तर याहून वाईट. सॅक्सनीतल्या खाणकामगारांना चांदीसारखं चमकणारं खनिज सापडायचं, पण भट्टीत घातलं की चांदी नाही, आर्सेनिकचा विषारी धूर निघायचा. ओलं झालं की ते हातपाय खायचं, हे खाणींवर लिहिणाऱ्या अ‍ॅग्रिकोलाने १५५६ सालीच छापून ठेवलंय. खरी चांदी कोबोल्डने चोरली आणि हे ठेवलं, अशी कामगारांची खात्री होती. त्याच खनिजातून १७३०च्या दशकात गेऑर्ग ब्रांट या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने नवा धातू वेगळा केला, आणि कोबोल्डवरून आलेलं नाव त्याला कायम राहिलं: कोबाल्ट. ज्याच्या भीतीने माणसं खाणीत उतरताना दबकायची, तो दुबळा कसा?

चौथा, ‘कोबोल्ड म्हणजे गॉब्लिनची (खेळातल्या दुसऱ्या छोट्या राक्षसाची) नक्कल’. १९७४च्या पहिल्या नियमांपुरतं हे मान्य करावं लागेल, तिथे त्याला कमजोर गॉब्लिन म्हणूनच निकालात काढलंय. पण १९७७च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या खेळातल्या राक्षसांच्या पुस्तकात त्याला खवले आणि शिंगं आली, तो अंड्यातून जन्मू लागला. पाचवा, ‘फायरबॉल पडला की सगळे खलास’. हो, पडतात. पण फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्र विझार्डला (जादूगाराला) पाचव्या लेव्हलला मिळतो, आणि भाच्याचे मित्र पहिल्या लेव्हलवर आहेत.

भाच्याला रात्री परत फोन केला. ओगर खोड म्हटलं, आठही कोबोल्ड परत आण, दोघांच्या हातात गोफण दे. खाणीच्या तोंडाशी दुधाची एक वाटी काढ, आणि ती कुणीतरी लाथेने उडवलेली दाखव.